पोटाची गाडी, मानेची गाडी

जगात जे जे काही हलतं, त्या सगळ्यावर आमच्या साडूंचा संशय आहे. पंखा, पाळणा, लिफ्ट, रिक्षा, जत्रेतलं चक्र, देवळातली टांगलेली घंटा, यांपैकी कशाच्याही जवळ ते निमूटपणे उभे राहिलेले मी गेल्या सतरा वर्षांत पाहिलेले नाहीत. आधी मान तिरकी करून ऐकणार, मग शर्टाच्या खिशातली सहा इंची पोलादी पट्टी काढून कुठंतरी टकटक करणार आणि शेवटी ‘हं’ म्हणणार. या ‘हं’चे दोन प्रकार आहेत. लांबलेला ‘हं’ म्हणजे वस्तू पास. तुटका ‘हं’ आला, की घरातली जाणती माणसं त्या वस्तूपासून दोन पावलं मागं सरकतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायकोचं माहेर आणि साडूंचं घर, दोन्ही बेंगळुरूत तीन-चारशे वर्षांपूर्वी येऊन स्थिरावलेली मराठी घराणी. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय, की कुठलं कुठं संपतं ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि मेहुणीला अक्का, म्हणून मीही तेच म्हणतो. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारा. माझं नाव त्यांना चांगलं ठाऊक आहे, पण ते मला पहिल्या दिवसापासून ‘पुणेकर’च म्हणतात. स्वतः राहतात येलहंक्याला, आणि तीस वर्षं पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका गिअरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला माल मोजायचा आणि केसभर चुकला तरी त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, हे त्यांचं काम. ‘रिजेक्ट’ हा शब्द ते ज्या प्रेमानं उच्चारत, त्या प्रेमानं लोक नातवंडांची नावं घेत नाहीत. अक्कांच्या हातची चपाती, भाच्याला सांगून आलेली मुलगी, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं शिंकणं, सगळं एकदा तरी रिजेक्ट झालेलं आहे.

माझ्या मुलीच्या, ईराच्या, बारशाची गोष्ट सांगतो. पाळणा भाड्यानं आणला होता. बायका ओव्या म्हणायला बसलेल्या, आत्याबाई नाव सांगायला वाकलेल्या, एवढ्यात अण्णा उठले. “स्वल्प थांबा की,” म्हणाले आणि स्वयंपाकघरातून मुलीच्या दुप्पट वजनाचा भोपळा घेऊन आले. भोपळा पाळण्यात ठेवला, त्यावर दुपटं घातलं आणि झोके द्यायला सुरुवात केली. वर “म्हणा, म्हणा, गाणं का थांबवलं? गाण्यानं झोका वाढतो, तोही बघायला पाहिजे,” असा आग्रह. पाहुण्या बायकांनी हसू दाबत भोपळ्यासाठी दोन ओव्या म्हटल्या. मी पुण्याहून आलेल्या माझ्या नातेवाइकांकडे बघायचं टाळत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होतो. शेवटी लांबलेला ‘हं’ आला, तेव्हा भोपळा उतरला आणि ईरा चढली.

आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा चार वेळा लिफ्टनं वर-खाली गेले. खाली माणसं खोळंबली होती. मग जिन्यानं चढून धापा टाकत आले आणि म्हणाले, “सातव्या मजल्यावर तुमची लिफ्ट खोकते हो, पुणेकर.” मी हसण्यावारी नेलं. पण मनात कुठंतरी राहिलं असावं, कारण महिनाभरानं देखभालीचा माणूस आला तेव्हा मीच त्याला सातवा मजला बघायला सांगितला. तिथं खरंच काहीतरी सैल निघालं. सोसायटीच्या बैठकीत माझं कौतुक झालं. “मला आवाजावरून शंका आलीच होती,” असं मी म्हणालो. अण्णांचं नाव घेतलं नाही. पुढं जे सांगायचंय, त्याच्या मानानं ही चोरी अगदीच किरकोळ होती.

अण्णांची खरी हुकमत मात्र मनोरंजन पार्कातल्या पाळण्यांवर. दर वर्षी मे महिन्यात घरातली सगळी भाचरं गोळा करून ते शहराबाहेरच्या पार्कात नेत. इतर लोक आत शिरल्याबरोबर रांगेकडे पळतात. अण्णा आधी प्रत्येक रोलर कोस्टरखाली उभं राहून दहा फेऱ्या बघत. पोरं चुळबुळत, रडत, एकमेकांच्या टोप्या ओढत, पण दहा म्हणजे दहा. गंमत अशी, की या दहा फेऱ्यांत ते गाडीकडे फारसं बघतच नसत. ते बघत उतरणाऱ्या माणसांकडे. बाहेर पडायच्या फाटकाशी उभे राहून एकेकाचं तोंड न्याहाळत. “वेग फलकावर लिहिलेला असतो की,” ते म्हणत, “पण तो गाडीचा वेग. माणसाला किती लागला ते उतरताना तोंडावर दिसतं.” कोण बडबडत उतरलं, कोण गप्प उतरलं, कोणत्या नवऱ्यानं बायकोचा हात सोडला नाही आणि कोणत्या बायकोनं नवऱ्याचा झटकला, हे सगळं एका वहीत जाई.

या अभ्यासातून त्यांनी तीन जाती ठरवल्या होत्या. वरून खाली पडते ती पोटाची गाडी. झटके देत वळते ती मानेची. आणि माणसाला उलटं फिरवते ती डोळ्यांची. पोटाची कुणालाही चालते, अगदी सासूबाईंनाही; फक्त दोसा खाऊन दोन तास झालेले हवेत. मानेची चाळिशीपुढं नको. डोळ्यांची गाडी नवीन लग्न झालेल्यांनी जरूर घ्यावी, कारण उलटं टांगल्यावर माणूस खरं बोलतो. नात्यातलं कुणीही पार्कात निघालं, की आधी अण्णांना फोन करी. “मुलगा सहा वर्षांचा आहे, आई बासष्टची,” असं सांगितलं, की अण्णा वही उघडून औषधाची चिठ्ठी द्यावी तशी यादी देत.

आणि ज्या गाडीत पोरांना बसवायचं, तिच्यात आधी एकटे स्वतः बसत. चष्म्याला पायजम्याची नाडी बांधून तिची डोक्यामागं गाठ मारलेली. चढावर सगळे ओरडायला लागले, की त्या किंकाळ्यांमधून अण्णांचा शांत, खणखणीत आवाज खाली ऐकू येई, “ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू...” मराठीत जेवणारा आणि मराठीत भांडणारा हा माणूस आकडे मात्र कानडीत मोजतो. खाली रांगेतली माणसं वर बघत आणि मग, साहजिकच, आमच्याकडे बघत. अशा वेळी मी घशाला कोरड पडल्याचं निमित्त करून पाण्याच्या नळाकडे जात असे.

ईरा नऊ वर्षांची असताना आमच्या कंपनीनं कुटुंबांसाठी त्याच पार्कात सहल काढली. बायकोनं परस्पर अण्णा आणि अक्कांची नावं घातली. मला ते नको होतं आणि नको का, हे बोलून दाखवता येत नव्हतं. त्या महिन्यात आमच्याकडे बढत्या ठरायच्या होत्या. आमचे मॅनेजर दिल्लीचे, मोकळे, जोरात हसणारे. त्यांना धडाडीची माणसं आवडत. माझ्याबद्दल त्यांचं मत ‘काम उत्तम, पण जरा सावध’ असं होतं, आणि ते मला पुसून टाकायचं होतं.

नवीन मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत ते त्यांच्या दोन मुलग्यांना घेऊन अगदी पुढं उभे होते. मला बघून त्यांनी हाक मारली, “आओ भाई, बेटी को भी लाओ! डरती है क्या?”

“नहीं सर, डरती तो बिलकुल नहीं,” मी म्हणालो.

ईरानं माझा शर्ट ओढला. “बाबा, मला नको.”

“काही होत नाही. ते दोघं बघ, केवढे आनंदात आहेत.”

“बाबा, मला खरंच नको.”

उंचीच्या अटीत ती व्यवस्थित बसत होती. मी तिचा दंड धरला आणि पुढं नेलं. आम्ही मॅनेजरांच्या मागच्याच ओळीत बसलो. कामगार एकेकाच्या छातीवरचा दांडा खाली ओढत आमच्यापर्यंत आला, तेव्हा बाहेर पडायच्या फाटकातून अण्णा आत शिरले. बहुधा त्यांच्या दहा फेऱ्या नुकत्याच पुऱ्या झाल्या होत्या. चष्म्याला नाडी, हातात वही. सरळ येऊन त्यांनी ईराचा दांडा वरच्या वर धरला.

“पुणेकर, हिला नको. ही गाडी पोटाची आहे आणि मानेचीही आहे. आणि ती घाबरलीय, बघा की. घाबरलेल्याला गाडी दुप्पट लागते.”

कामगार कानडीत त्यांना समजावत होता, की उंची बरोबर आहे, दांडा पक्का बसतो, काळजी नको. अण्णाही त्याला कानडीतच सांगत होते, की तुझ्या दांड्यात खोट नाही रे बाबा, तू चांगलं काम करतोस, पण हे लेकरू नको म्हणतंय. मागं रांग ओरडायला लागली. कुणी शिट्टी मारली. मॅनेजर मान वळवून बघत होते. ते हसत होते, पण कपाळावर आठी होती.

“ये अंकल आपके साथ हैं?” त्यांनी मला विचारलं.

“नहीं सर,” मी म्हणालो. “पता नहीं कौन हैं.”

अण्णा माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी दांडा सोडला. माझ्याकडे पाहिलंही नाही. ईराच्या डोक्यावर एकदा हात ठेवला, “सरी, बरं,” म्हणाले आणि आल्या वाटेनं बाहेर गेले.

त्या गाडीचं वर्णन मी करू शकत नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. एवढंच आठवतं, की पुढून मॅनेजरांची मुलं ओरडत होती, मागून सगळे ओरडत होते आणि माझ्या शेजारून काहीच आवाज येत नव्हता. गाडी थांबली. दांडे वर गेले. ईरा उठली, तेव्हा तिच्या फिकट पिवळ्या फ्रॉकवर मागं मोठा ओला डाग होता. तिला तो कळला होता. ती दोन्ही हातांनी फ्रॉक मुठीत धरून, खाली बघत उभी होती.

त्या क्षणी बापानं काय करावं, हे कुणालाही सांगता येईल. मी काय केलं ते सांगतो. मॅनेजर दहा पावलांवर आपल्या मुलांचे केस नीट करत होते. मी खाली वाकलो आणि दात आवळून तिला म्हणालो, “काय केलंस हे? माझ्या मागं राहा, कुणाला दिसता कामा नये.”

फाटकाशी अण्णा उभे होते. उतरणाऱ्यांची तोंडं बघायच्या त्यांच्या नेहमीच्या जागी. त्यांनी ईराकडे पाहिलं, मग तिच्या मुठींकडे. वही आणि पट्टी त्यांनी माझ्या हातात कोंबली, जणू मी तिथला सामान ठेवायचा खण आहे, आणि मोठ्यांदा म्हणाले, “चल गं, पाण्याच्या होडीत बसायचंय ना तुला? अण्णाकाकाला एकट्याला भीती वाटते की!” तिचा हात धरून ते जवळजवळ पळतच निघाले. होडीची एकही फेरी त्यांनी बघितली नाही. बूटमोजे घातलेले तसेच तिला मांडीशी घेऊन बसले. होडी उतारावरून सुटली, पाण्यावर आपटली आणि पांढऱ्या पाण्याच्या भिंतीत दोघं दिसेनासे झाले.

बाहेर आले ते नखशिखांत निथळत. सदरा अंगाला चिकटलेला, बुटांतून पचक पचक आवाज. त्यांच्या पलीकडून, त्यांचं बोट धरून ईरा चालत होती आणि तिच्या फ्रॉकवर आता कोरडी अशी जागाच उरली नव्हती. मॅनेजरांनी मला कोपरानं ढोसलं. “वही पागल अंकल! देखो ज़रा!” ते पोट धरून हसले. मीही हसलो.

बायको आणि अक्का तोवर जेवणाच्या मंडपात जागा धरून बसल्या होत्या. अण्णांना बघून बायको वैतागली, “अण्णा, या वयात काय हे? पोरीलाही भिजवलंत.” अण्णा म्हणाले, “मीच हट्ट केला. तिला बोलू नकोस.” मॅनेजर आपल्या मोटारीनं परतले. परतीच्या प्रवासात बसची गादी ओली होईल म्हणून ते सबंध वाट दांडा धरून उभे राहिले. गर्दीत दोन तास. मी खिडकीशी बसलो होतो. उठून त्यांना काही म्हणावं, एवढं दोन-तीनदा मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या गाडीची वाट बघत आम्ही फाटकाशी उभे होतो. ईरा पायानं खडा ढकलत होती. खडा गटारात पडल्यावर तिनं विचारलं, “बाबा, अण्णाकाका आपले कुणी नाहीत का?”

शाळेची गाडी आली म्हणून मी वाचलो.

बढती मला मिळाली. बायकोनं शिरा केला. मी तो खाल्ला, पण त्याची चव मला आठवत नाही. तीन आठवडे मी येलहंक्याला फोन करायचं टाळलं आणि मग एका दुपारी रजा टाकून पीण्याला गेलो. अण्णा कारखान्याच्या फाटकातून बाहेर आले. बोटांना लाल रंग लागलेला. समोरच्या टपरीवर आम्ही कॉफी घेतली. ते पलीकडच्या कारखान्यातल्या पत्रे दाबायच्या यंत्राचा आवाज ऐकून नाक मुरडत होते.

“अण्णा,” मी म्हणालो, “त्या दिवशी गाडीत मी जे बोललो...”

“ऐकलं की मी. तीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात बारीक आवाज ऐकायचंच काम केलंय.”

“माझं चुकलं.”

“हो, चुकलं,” ते शांतपणे म्हणाले. कॉफी फुंकली, घोट घेतला. “लग्न झालं त्या वर्षी मी अक्काला जत्रेतल्या चक्रात बसवलं. ती नको नको म्हणत होती. मित्र होते माझे बरोबर. वर गेल्यावर ती इतकी घाबरली, की तिनं माझ्या मित्राचा हात धरला, माझा नाही. सगळे हसले. मीही हसलो. खाली उतरल्यावर तिचं तोंड बघितलं मी. ते तोंड काही जात नाही हो, पुणेकर.”

“मग? माफी मागितलीत?”

“मागितली. आठ वर्षांनी. तोवर मागायला गेलो, की दुसरंच काहीतरी बोलत बसायचो.” त्यांनी पेला टपरीच्या फळीवर ठेवला. “माझ्याकडे कशाला आलात एवढ्या लांब? मोठ्या माणसाची माफी मागणं सोपं असतं. मोठा माणूस ‘जाऊ द्या’ म्हणतो. घरी जा.”

मी घरी आलो. ईरा जेवणाच्या टेबलावर भागाकार सोडवत होती. मी समोर बसलो. अर्धा तास तिच्या पेन्सिली टोकदार करत बसलो. तिला लागतील त्याच्या तिप्पट झाल्या. मग म्हणालो, “ईरा, मी तुला त्या गाडीत बसवायला नको होतं. आणि उतरल्यावर जे बोललो, ते फार वाईट बोललो. तुझं काही चुकलं नव्हतं.”

ती वहीतून वर न बघता म्हणाली, “मी सांगितलं होतं तुला. दोनदा.”

“हो. दोनदा सांगितलं होतंस.”

“आणि अण्णाकाकांना पण खोटं बोललास.”

“हो.”

तिनं एक भागाकार पुरा केला. बाकी उरली, ती बाजूला लिहिली. मग वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, “हे बरोबर आहे का बघ.” बरोबर होतं. मी तसं सांगितलं आणि आणखी एका पेन्सिलीला टोक काढलं.

आता ईरा पंधरा वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर पार्कात जाते आणि सगळ्यात वरच्या गाडीत हात सोडून बसते. अण्णा निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या कानाच्या आतलं काहीतरी बिघडलं. डॉक्टरांनी त्याला तोल जाण्याचा विकार म्हटलं. अण्णांनी डॉक्टरांना रिजेक्ट केलं. पण उभं राहिल्यावर सगळं गरगरतं, एवढं ते कबूल करतात. पार्क बंद, जत्रा बंद, लिफ्टसुद्धा नको वाटते. वही कुठल्याशा भाच्याकडे आहे. डोक्यावरून जवळच्या तळावरचं हवाई दलाचं विमान गेलं, तरी हल्ली मान वर करत नाहीत, कारण मान वर केली की घर फिरतं.

गेल्या रविवारी येलहंक्याला गेलो होतो. जेवण झाल्यावर ते हात धुवायला उठले आणि तसेच थबकले. अक्का आत होत्या. डोळे मिटून त्यांनी हात पुढं केला, चाचपडत, जे मिळेल ते धरायला. जवळ मी होतो. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. आम्ही तसेच, एकेक पाऊल टाकत, मोरीपर्यंत गेलो. नळ सोडून मी त्यांच्या दुसऱ्या हातावर पाणी घातलं. त्यांनी डोळे उघडले, कोण आहे ते पाहिलं आणि माझ्या दंडावरचा हात काढून घेतला नाही.